तिसरा टोला कोणाचा

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर चांगलं नाही. बाजारातून उरून परत आलेल्या मेथीच्या जुडीसारखं आहे, कोणतं पान कुठं चाललंय ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही खरं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली, त्यानंतर हातात पेन आला तो किराण्याच्या यादीपुरता. ही वही माझ्या मुलीची, अर्धी कोरी राहिली होती. ज्याच्या हाती पडेल त्यानं सांभाळून घ्यावं.

लिहायचं आहे ते आमच्या गिरजाआत्यांबद्दल. त्यांना वाचता येत नाही, म्हणून हिंमत करते आहे.

आत्या वाजवल्याशिवाय कुठंही आत जात नाहीत. देवळात घंटी सगळेच वाजवतात. आत्या सगळीकडे वाजवतात. शेजारणीकडे गेल्या की कडी वाजवतात, कडी नसेल तर दाराशी ठेवलेली बादली. रिसोडला बँकेत साहेबांच्या टेबलावर शिपायाला बोलवायची छोटी घंटी आहे. साहेबांनी मान वर करायच्या आत आत्यांनी ती तीनदा दाबलेली असते. शिपाई धावत येतो.

"काय आणू साहेब?"

"काई नोको आनू बाप्पा," आत्या म्हणतात. "मी आली, एवढंच सांगतलं."

त्या एकट्या राहतात त्या खोलीचंही तेच. कुलूप काढायचं, कडी तीनदा आपटायची, "आली वो मी!" म्हणायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. आत एक खाट, एक माठ आणि एक मांजर. मांजर कधीच उठत नाही.

"न सांगता घुसाले आपन चोर होय का?" हे त्यांचं वाक्य. दिवसातून दहादा तरी ऐकायला मिळतं.

आत्या म्हणजे माझी सख्खी नणंद, माझ्या मालकांपेक्षा सात वर्षांनी मोठी. लग्नानंतर चार वर्षांतच नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या. आमच्या घराला लागून त्यांची खोली आहे. मी त्यांना बाई म्हणते, माझी मुलं आत्या म्हणतात, त्यामुळे सगळ्या गावाच्याच त्या आत्या झाल्या. आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी आणि उन्हाळ्यात टरबूज. माल रिसोडच्या बाजाराला जातो. विकतात आत्या. मी जुड्या बांधते. मला गिऱ्हाइकाशी बोलता येत नाही. कोणी भाव विचारला की माझ्या तोंडाला कोरड पडते आणि मी भलताच कमी भाव सांगून मोकळी होते. एकदा आत्या पाणी प्यायला गेल्या तेवढ्यात मी वीस जुड्या निम्म्या भावात देऊन टाकल्या. तेव्हापासून त्या बाजारात पाणी पीत नाहीत.

तर घंटी. देवळात त्या मोजून तीन वाजवतात. एक देवाची, एक स्वतःची. तिसरी कोणाची, ते सांगत नाहीत. गावात याच्यावर पुष्कळ चर्चा होते. कोणी म्हणे मेलेल्या नवऱ्याची. कोणी म्हणे, लहानपणी कोणी तरी मनात असेल त्याची. आमचे मालक म्हणायचे, मांजराची. आत्यांना विचारलं तर उत्तर एकच, "तुमाले काय कराचं? पैसे लागून राह्यले का तुमचे?"

माझं म्हणाल तर मी घंटी वाजवतच नाही. चारचौघांत आवाज करायचा म्हटलं की हात वर जात नाही. आत्यांच्या मागं उभी राहते, हात जोडते आणि निघते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून असंच आहे.

आता आत्यांच्या कानांबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

आमच्या भागात आत्यांच्या कानांचं मोठं नाव होतं. टरबूज तळहातावर घेऊन त्या बोटाच्या पेरानं एकदाच ठोकायच्या आणि कानाशी धरायच्या. "लाल." म्हणजे लालच निघायचं. "दोन दिस थांब." म्हणजे दोनच दिवस. माठ घ्यायला लोक त्यांना रिसोडला सोबत न्यायचे. ओळीनं मांडलेल्या पन्नास माठांवर टिचक्या मारत जायच्या आणि ज्याच्या पोटात केसाएवढी चीर असेल तो बरोबर बाजूला काढायच्या. कुंभार त्यांना लांबून येताना पाहिलं की चहा मागवायचा.

तीनेक वर्षांपूर्वी त्यांनी "लाल" म्हणून दिलेलं टरबूज पांढरं निघालं. गिऱ्हाईक फोडलेलं टरबूज घेऊन परत आलं. आत्यांनी ते पुन्हा ठोकलं, ऐकलं, आणि म्हणाल्या, "बियान्यात भेसळ आहे."

त्यानंतर प्रत्येक गोष्टीत भेसळ निघू लागली. माठ गळला, तर मातीत भेसळ. मोबाइलची रिंग ऐकू आली नाही, तर मोबाइलमध्ये भेसळ. एकदा त्यांच्या पाठीमागं ट्रॅक्टर येऊन हॉर्न वाजवत राहिला, ड्रायव्हर खाली उतरून समोर आला तेव्हा म्हणाल्या, "काय बे, भोंगा दुरुस्त कर. भेसळीचं सामान लावते आन बायकाईच्या अंगावर गाडी घालते."

मला समजत होतं, त्या आता समोरच्याचे ओठ पाहून बोलणं ओळखतात. पण बोलायचं कसं? मी तर मिठाचा डबा रिकामा झाला हे सांगायलाही दोन दिवस घेते.

मग मारुतीच्या देवळाची घंटी झाली. जुनी तडकली होती म्हणून गावानं वर्गणी काढली, घरटी पाचशे एक. आत्यांनी स्वतःचे वेगळे पाचशे एक दिले, सगळ्यांच्या आधी दिले. देवळाचा हिशेब किसनभाऊंकडे असतो. साधा माणूस, पांढरी टोपी, हळू बोलणं. ते स्वतः दोन गाड्या बदलून लांब गेले आणि घंटी मांडीवर ठेवून बसमधून घेऊन आले. टांगायच्या दिवशी सगळं गाव जमलं. पहिला मान वयानं मोठ्या बाईला द्यायचा ठरलं आणि आत्यांना पुढं बोलावलं.

आत्यांनी वाजवली. थांबल्या. पुन्हा वाजवली. मग घंटीच्या पोटात डोकं घालून पाहिलं. मग वळून म्हणाल्या, "किसनभाऊ, फसले तुमी. भेसळ आहे. पितळच नाही याच्यात."

किसनभाऊंचा चेहरा उतरला. "आत्या, चांगली वाजली ना. साऱ्याईनं ऐकली."

"सारे तुमाले भितात. मी नाही भेत. भेसळीच्या घंटीले माहे पैसे नाही. वापस द्या."

लोक हसले. कोणी तरी मागून शिटी मारली. किसनभाऊंनी थैलीतून पाचशे एक काढले, मोजले आणि आत्यांच्या हातावर ठेवले. त्या दिवसापासून त्यांनी आत्यांशी बोलणं सोडलं. रस्त्यात दिसल्या की टोपी सारखी करत दुसऱ्या बाजूनं जायचे. आणि आत्या मारुतीला जायच्या बंद झाल्या. रोज संध्याकाळी जाणारी बाई, दोन वर्षं गेली नाही.

त्या दिवाळीत मुलगी आली होती, तिनं जबरदस्तीनं आत्यांना वाशिमला कानाच्या डॉक्टरकडे न्यायला लावलं. सोबत मी. डॉक्टरनं तपासलं आणि म्हणाले, दोन्ही कान बरेच गेले आहेत, यंत्र लावा, ऐकू येईल. हे सगळं त्यांनी मोठ्यानं सांगितलं, तरी मला आत्यांना परत सांगावं लागलं. त्या बाहेर बाकावर बसल्या.

"यंत्र लावलं तं टरबूज कोन घेईन माह्या हातचं? लोकं म्हनतीन, गिरजी भयरी झाली."

मी मान हलवली.

"शेवंते, कोनाले सांगजो नोको."

मी पुन्हा मान हलवली.

"तुले सांगनं म्हंजे विहिरीले सांगनं," त्या म्हणाल्या आणि थोड्या हसल्या. "एक करू. एखादी खरी घंटी पाहू. मोठी. ते ऐकू आली म्हंजे माह्ये कान चांगले आन डॉक्टर खोटा. नाही आली, तं पाहू यंत्राचं."

त्यानंतर आमचं घंट्या शोधणं सुरू झालं. मेडशीला नातेवाइकाकडे गेलो, तिथल्या देवळात भेसळ. शेलूबाजारला उतरलो, तिथंही भेसळ. एका शाळेत पोरांना डब्याच्या सुट्टीला सोडायची लोखंडी पट्टी टांगलेली असते, आत्यांनी तीही वाजवून पाहिली. सगळी शाळा अर्धा तास आधी बाहेर पडली. मास्तर धावत आले. आत्या म्हणाल्या, "पोरं पहा कसे खुश आहे," आणि निघाल्या. फाटकाबाहेर आल्यावर मला हळूच म्हणाल्या, "लोखंडात बी भेसळ कराले लागले वं लोकं." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या.

सोयाबीन निघाल्यावर रिसोडचा दिगंबर दरवर्षी बसची सहल काढतो. देवदर्शन आणि शेवटी गोवा. गळ्यात शिटी, पाठीला बॅग, आणि सारखं "चला चला चला." तो बाजारात आत्यांना म्हणाला, "आत्या, गोव्याले जुनं चर्च दाखवतो. चारशे वर्साचं. त्याची घंटा वाजली तं नदीच्या त्या आंगच्या गावाले ऐकू जाते."

आत्यांनी टोपलीखालचे पैसे काढले. "दोन शिटा लिही. एक माही, एक शेवंतीची."

"शेवंतामामीले विचारलं का?"

"ते नाही म्हनते का कधी?"

खरं आहे. म्हणत नाही.

गोव्याला पोहोचलो ते चौथ्या दिवशी सकाळी. चर्च पाहून मी तर दबूनच गेले. पांढरंशुभ्र, उंच, दोन्ही बाजूंना मनोरे, आणि भिंतीवर दगडाच्या वेली, दगडाची फळं, गुबगुबीत गालांची पंखवाली लेकरं. दिगंबर पाठ केल्यासारखं म्हणाला, "याले बरोक पद्धतीचं काम म्हनतात." आत्या म्हणाल्या, "लेकरं गुटगुटीत आहे. दूध असन इकडं."

आमच्या बसमधल्या सगळ्यांनी दाराशी चपला काढल्या. चाळीस माणसांच्या चपलांचा ढीग झाला. दारावरचा रखवालदार हात हलवत आला, "चपला घालून चालतं इथं, घाला, घाला." कोणी घालायला तयार नाही. देवाच्या घरात चपला घालायच्या? शेवटी त्यानंच हात जोडले. दाराशी पाटी होती, अंग झाकून आत यावं. मी पदर आणखी पुढं ओढून घेतला. आमच्याइतकं झाकलेलं तिथं दुसरं कोणी नव्हतं.

सगळे आत गेले. आत्या दारातच उभ्या. वर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"घंटी कुठी आहे?"

"आत्या, याहीची घंटी वर राह्यते," दिगंबरनं मनोऱ्याकडे बोट केलं. "ते आपन नाही वाजवाची. चला आत, सोनंच सोनं आहे."

"न सांगता?"

"इथं सांगाचं नसते."

"काहून? हा काय देव नाही का? लोकाच्या देवाच्या घरात तं जास्तच सांगून जा लागते. ओयख ना पायख, आन घुसाचं?"

"आत्या, बस बारा वाजता सुटते."

"सुटू दे. मी घंटीसाठी आली, सोन्यासाठी नाही."

दिगंबरनं शिटी तोंडात धरली, पण वाजवली नाही. "मामी, तुमी तरी सांगा ना." मी काय सांगणार? तो कपाळाला हात लावून आत निघून गेला.

बाहेर ऊन तापलेलं. फरशीवर आमचे पाय भाजत होते. दाराशी एक बाई मेणबत्त्या विकत होती. आणि मेणबत्त्यांच्या शेजारी मेणाचे पाय, मेणाचे हात, मेणाची लहान लेकरं. आणि मेणाचे कान. मी विचारलं नाही, पण तिनंच मोडक्या हिंदीत सांगितलं की जे दुखतं ते देवाला वाहायचं. मी आत्यांना खुणेनं दाखवलं. आत्यांनी एक कान उचलला, नखानं टिचकी मारली आणि ठेवून दिला. "भेसळ. आन माह्ये कान चांगले आहे. समोर पाह."

पावणेबाराच्या सुमारास बाजूच्या छोट्या दारातून एक म्हातारा आला. वाळलेला, चष्म्याला दोरी बांधलेली, हातात किल्ल्यांचा जुडगा. चर्चची घंटा वाजवणारा तोच. नाव पेद्रू. दोन बाया अनवाणी, उन्हात, दाराच्या बाहेर उभ्या आहेत हे पाहून थांबला.

"आत जाय ना, माय. ऊन लागता."

आत्यांना ऐकू गेलं नाही, पण त्याचे ओठ आणि हात पाहून त्या समजल्या. "बाबा, घंटी वाजवल्याशिवाय आमी आत नाही जात. आमच्यात तसं राह्यते. तुमची वर आहे म्हंतात. एकडाव वाजवू द्या, मंग जातो."

पेद्रूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. आत्या मोठ्यानं म्हणाल्या, "हे बोलत नाही. माही भावजय आहे. मुकी नाही, लाजते."

त्याला काय वाटलं कोणास ठाऊक. "लोकांना वर सोडत नाही," असं म्हणाला, आणि दार उघडं ठेवून चढायला लागला.

जिना गोल, दगडाचा, इतका अरुंद की खांदे दोन्हीकडे घासत होते. पायऱ्या मधोमध झिजून वाट्यांसारख्या झालेल्या. कबुतरांच्या विष्ठेचा वास. आत्यांच्या गुडघ्यांना पाच पायऱ्या म्हणजे शिक्षा, तरी नऊवारीचा काष्टा खोचून त्या पुढं. जुड्या मोजतात तशा पाच-पाचनं मोजत होत्या. "पाच... धा... पंधरा..." पस्तीसला बसल्या. मी म्हटलं, "बाई, राहू द्या." त्यांनी ऐकलं नाही, म्हणजे दोन्ही अर्थांनी नाही. "चाळीस... देव बी कुठं जाऊन बसला वं!" साठनंतर मोजणं बंद झालं, नुसता श्वास ऐकू येत होता. पेद्रू वर थांबून वाट पाहत होता.

वर आलो आणि एकदम वारा. खाली नदी, नारळीच नारळी, झाडांतून डोकावणारे दुसरे पांढरे मनोरे. आत्यांनी चौफेर पाहिलं. "येवढं पानी, आन एका वावरात मेथी नाही," म्हणाल्या.

मग घंटा पाहिली. काळी-हिरवी, आमच्या धान्याच्या कोठीएवढी, जाड लाकडी तुळईला टांगलेली. आत्या जवळ गेल्या, तळहात फिरवला आणि बोटाच्या पेरानं ठोकलं, टरबूज ठोकतात तसं. कान लावला. पेद्रू हसायला लागला. मी हसले नाही. बारा वाजायला आले होते. ही जर ऐकू आली नाही, तर आणखी मोठी घंटी शोधायला आम्ही जाणार तरी कुठं?

पेद्रूनं घड्याळ पाहिलं, दोन्ही हात कानांवर ठेवून खूण केली, कान झाका. मी पदराचा बोळा करून कानात दाबला. आत्यांनी झाकले नाहीत. एक हात तुळईवर ठेवून उभ्या राहिल्या.

त्यानं दोरी ओढली.

पदराच्या आतून माझं डोकं हललं. दात हलले. सगळी कबुतरं एकदम उडाली. एक, दोन, तीन. मग तो थांबला आणि डोळे मिटून ओठातल्या ओठात काही म्हणू लागला. तीन टोले, मग प्रार्थना, पुन्हा तीन, पुन्हा प्रार्थना, असं तीनदा असतं म्हणे त्यांच्यात.

आत्या उडालेल्या कबुतरांकडे पाहत होत्या. मग माझ्या कानांवरच्या हातांकडे पाहिलं.

"लय मोठी वाजली का वं?"

मी कानांवरचे हात काढले. खोटं बोलावं असं फार वाटलं. "लय मोठी, बाई," मी ओरडून सांगितलं. इतक्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नव्हते.

"मले लांबून आली. पल्याडच्या वावराच्या धुऱ्यावर एखादा बैल चरून राह्यला, आन त्याच्या गयातली वाजते ना, तशी." तुळईवरचा हात त्यांनी काढला नव्हता. "हातात मात्र लय वाजली."

पुन्हा तीन टोले झाले. आत्या डोळे मिटून उभ्या. टोले संपल्यावर म्हणाल्या, "मंग किसनभाऊची बी खरीच असन." थोडं थांबून, "मांडीवर ठेवून आनली होती त्यानं."

पेद्रूची प्रार्थना संपली. त्यानं आत्यांकडे पाहिलं आणि दोरीचं टोक त्यांच्या हातात दिलं. शेवटचे तीन. त्याचं मन कशानं वळलं, माहीत नाही. आत्यांनी दोरीला डोकं टेकवलं. "हे तुही, देवा," म्हणून अंगाचा सगळा भार टाकून ओढली. घुमली. "हे माही." पुन्हा घुमली. आणि दोरी माझ्यापुढं केली.

मी मागं सरले.

"घे. तिसरी कोनाची, कोनाची, म्हून सारं गाव इचारते ना? तुही होय ते." त्यांना वाटत होतं त्या हळू बोलताहेत, पण सगळ्या मनोऱ्याला ऐकू जात होतं. "नवी नवरी आली होती तू. मारुतीसमोर उभी राह्यली, हात वर गेला नाही. माही माय तुह्यावर किती रागावली. म्या म्हनलं, हे पोरगी तोंड उघडत नाही, घंटी वाजवत नाही, देवाले कसं समजन हे आली म्हून? तवापासून तुह्या वाटची म्या वाजवून राह्यली. आता मले काय समजते, वाजली का नाही वाजली? तुही तू वाजव आता."

दोरी हातात घेतली तेव्हा मला समोरचं काही दिसत नव्हतं. ओढली. घंटा हललीसुद्धा नाही. आत्या म्हणाल्या, "जोर लाव वं, मेथी उपडून नाही राह्यली." पुन्हा ओढली, लोंबकळलेच. मग वाजली. तिसऱ्या टोल्याला त्या दिवशी एवढा उशीर झाला की खालच्या लोकांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचा डोळा लागला. पेद्रू तोंडावर हात ठेवून हसत होता.

खाली उतरून आत गेलो. सोनं होतं, पिळाचे खांब होते, मोठमोठे देवदूत होते. आत्यांनी सगळ्यांना एकच नमस्कार केला आणि म्हणाल्या, "आता ओयख झाली."

बाहेर आल्यावर त्या मेणबत्त्या विकणाऱ्या बाईपाशी थांबल्या. दिगंबर शिटीवर शिटी मारत होता, बसमधून सगळे खिडकीतून पाहत होते.

"कान कसे दिले?"

बाईनं भाव सांगितला.

"जोडीचा सांग. एका कानाचं काय करू?" आणि मग बाजारातल्यासारखी पाच मिनिटं घासाघीस. दिगंबर जवळ आला. "आत्या, कान कोनाचे?"

मला वाटलं, आता म्हणतील भावाचे, म्हणतील शेजारणीचे.

"माह्ये," आत्या म्हणाल्या. "भयरी झाली मी. शिटी मारत जाऊ नोको, हात दाखवत जा."

मेणाचे कान तिथं देवाला वाहून आलो. यंत्र आणलं त्याला आता महिना झाला. पहिल्याच दिवशी मांजराचं गुरगुरणं ऐकून त्या घाबरल्या, त्याच्या पोटात काही बिघडलं म्हणून. टरबुजाचा हंगाम अजून लांब आहे. पण कालच रिसोडला माठ ठोकून पाहिले. कुंभारानं आधी कानातल्या यंत्राकडे पाहिलं, मग आत्यांनी चीर गेलेले दोन माठ बाजूला काढले, मग त्यानं चहा मागवला.

यंत्र आलं त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी त्या मला घेऊन मारुतीला गेल्या होत्या. किसनभाऊ ओट्यावर बसले होते. आम्हाला पाहून टोपी सारखी करत उठू लागले.

"बसा," आत्या म्हणाल्या.

घंटीखाली उभ्या राहिल्या. एक वाजवली. कान देऊन शेवटपर्यंत ऐकली, अगदी आवाज विरेपर्यंत. दुसरी वाजवली. मग बाजूला झाल्या. ओट्यावर चार माणसं होती, तरी माझा हात वर गेला. वाजली. लहानशीच, पण वाजली.

आत्या किसनभाऊंसमोर गेल्या आणि कंबरेची पिशवी सोडली. "भेसळ घंटीत नोती, भाऊ. माह्या कानात होती. तुमाले चारचौघांत बोलली, म्हून चारचौघांतच सांगतो."

किसनभाऊ त्यांच्या कानातल्या यंत्राकडे पाहत राहिले. "राहू द्या ना, आत्या. पैशाचं काय आहे."

"राहू नाही देत. मोजून घ्या."

पाच नोटा होत्या आणि एक रुपया. किसनभाऊंनी दोन वर्षांपूर्वी मोजले होते तसेच हळूहळू मोजले, आणि म्हणाले, "पुरे आहेत."